हातचे अकरा: २०२३ च्या एनबीए प्लेऑफच्या अंदाजांची वही

९ एप्रिल २०२३, रविवार

हा तक्ता एका भांडणातून सुरू होतोय. गेल्या जूनमध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनलमध्ये गोल्डन स्टेटनं बॉस्टनला ४-२ नं हरवलं, तेव्हा ‘मी म्हटलंच होतं’ हे मी घरभर सांगत फिरलो होतो. काल भाचा सुट्टीसाठी पुण्याला आला आणि चहा पिता पिता म्हणाला, “मामा, तू बॉस्टन म्हणाला होतास.” पैज लागली. जुने मेसेज उकरून काढले. १ जून २०२२, माझ्याच बोटांनी लिहिलेलं: बॉस्टन, सहा मॅच.

खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं आठवत होतं. म्हणजे दुखणं जास्त खोलवरचं आहे.

तर यंदा सगळं आधी लिहायचं. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद सामने: चार फेऱ्या, १५ सिरीज. प्रत्येकीसाठी पाच रकाने: तक्त्याचा आकडा, हातचा, माझा आकडा, कारण, निकाल. ‘हातचा’ म्हणजे गणितानं दिलेल्या टक्क्यांत मी डोळ्यानं पाहून केलेली बेरीज किंवा वजाबाकी. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक कळली तर खाली नवी ओळ.

तारखा सगळ्या आपल्या. तिकडची रात्र म्हणजे इथली सकाळ, दूधवाला आणि मॅच साधारण एकाच वेळी.

१० एप्रिल, सोमवार

नियमित हंगाम काल रात्री संपला. तीसही संघांचे ८२ मॅचचे गुणफरक भरले. मॅचमागे सरासरी किती गुणांनी पुढे किंवा मागे, एवढाच आकडा. बॉस्टन +६.५, सगळ्यात वर. क्लीव्हलंड +५.४. मिलवॉकी +३.६, डेन्व्हर +३.३. न्यू यॉर्क +२.९. मायामी -०.३. ४४ मॅच जिंकलेला, ३८ हरलेला संघ, पण केलेल्या गुणांपेक्षा दिलेले जास्त. मॅचमागे १०९.५ गुण, तीस संघांत सगळ्यात कमी.

गणित साधं ठेवलंय. दोन आकड्यांची वजाबाकी, घरच्या मैदानाचे २.५ गुण अधिक किंवा उणे, भागिले १२. बारा अशासाठी, की एनबीएच्या मॅचचा निकाल अपेक्षेपेक्षा साधारण तेवढ्या गुणांनी इकडेतिकडे हलतो. त्यावरून एका मॅचची शक्यता, आणि मग सातपैकी आधी चार कोण जिंकेल याची.

एका मॅचचा आकडा सिरीजमध्ये फुगतो. मॅचला ५५ टक्के असतील तर सिरीजला ६१. ६० ला ७१. ७० ला ८७. लांब सिरीजमध्ये नशीब धुऊन निघतं म्हणतात ते एवढंच. पूर्ण निघत नाही. मॅचला ६० टक्केवालासुद्धा दहातल्या तीन सिरीज हरतो.

गुण मोजायला ब्रायर स्कोअर. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं १९५० साली पावसाच्या अंदाजांची परीक्षा घ्यायला तो काढला. ८० टक्के म्हटलं आणि तसंच झालं तर ०.२ चा वर्ग, ०.०४. नाही झालं तर ०.८ चा वर्ग, ०.६४. सगळ्यांची सरासरी काढायची. कमी तेवढं चांगलं. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतो. त्याच्या खाली राहिलो तर काहीतरी कळतंय म्हणायचं.

१५ एप्रिल, शनिवार

प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीची पात्रता, संपलं. मायामी बुधवारी घरच्या मैदानावर अटलांटाकडून हरली होती, ११६-१०५. आज सकाळी शिकागोविरुद्ध शेवटची चार मिनिटं उरली असताना ८७-९० अशी मागे. तिथून १५-१. १०२-९१ नं जिंकून आठव्या जागेवर आत. शिकागोनं तेव्हा दोन बास्केट जास्त केले असते तर ही वही वेगळी झाली असती, पण ते आत्ता कुणाला ठाऊक.

पहिल्या फेरीचे अंदाज. आधी तक्त्याचा आकडा, मग माझा.

मिलवॉकी वि. मायामी: ७७, माझे ८८. कारण: यानिस.
बॉस्टन वि. अटलांटा: ८८, माझे ९०.
फिलाडेल्फिया वि. ब्रुकलिन: ७५, माझे ८५. ड्युरँट आणि अर्विंग दोघेही फेब्रुवारीत गेले, तक्त्यातला ब्रुकलिन आता अस्तित्वातच नाही.
क्लीव्हलंड वि. न्यू यॉर्क: ७०, माझे ६२. न्यू यॉर्ककडे जॉश हार्ट आल्यापासून आणि मिचेल रॉबिन्सनच्या रिबाउंडमुळे (चुकलेला चेंडू पकडणं).
डेन्व्हर वि. मिनेसोटा: ७४, माझे ८०.
मेम्फिस वि. लेकर्स: तक्ता मेम्फिसला ७४ देतो. मी लेकर्सला ५५. मेम्फिसचे स्टीव्हन ॲडम्स आणि ब्रँडन क्लार्क दोघंही जायबंदी, आत उंच माणूसच उरला नाही. शिवाय लेकर्स फेब्रुवारीत अर्धा संघ बदलून बसलेत.
सॅक्रमेंटो वि. गोल्डन स्टेट: तक्ता सॅक्रमेंटो ५८. मी गोल्डन स्टेट ६०. बाहेरगावी ११ जिंकून ३० हरलेत हे दिसतंय, तरी.
फिनिक्स वि. क्लिपर्स: ६४, माझे ७५. पॉल जॉर्ज नाही. ड्युरँट खेळला त्या आठही मॅच फिनिक्स जिंकलंय.

भाच्यानं स्वतःचा रकाना मागितला. त्यात एकच ओळ: लेकर्स, सगळीकडे, १०० टक्के. ब्रायर समजावून सांगितला. म्हणाला, “बघूया ना मामा.”

१७ एप्रिल, सोमवार

पहाटे तीनला अलार्म. पहिल्याच क्वार्टरमध्ये मिलवॉकीचा हुकमी खेळाडू यानिस पाठीवर आपटला. एकूण ११ मिनिटं खेळला. मायामीच्या टायलर हिरोचा हात मोडला, त्याचा हंगाम बहुधा संपला. मायामी १३०-११७. तिकडे मेम्फिसच्या जा मोरँटचाही हात दुखावला.

नियम आठवला, ८८ तसेच राहतील. खाली नवी ओळ: ‘यानिस एक-दोन मॅच नसला तरी मायामीनं आपला गुण करणारा माणूस गमावलाय. थ्री पॉइंटर असे पडत राहणार नाहीत.’ ८२ मॅचमध्ये या संघाची थ्रीची, म्हणजे लांबून मारायच्या तीन गुणांच्या फटक्यांची, टक्केवारी ३४.४ होती, लीगमध्ये तळाजवळ.

२५ एप्रिल, मंगळवार

मायामीचा जिमी बटलर, ५६ गुण.

पाच वाजता मॅच सुरू झाली. यानिस परत आलेला. चौथ्या क्वार्टरमध्ये मिलवॉकी दोन आकडी गुणांनी पुढे, मी चहा टाकायला उठलो. उकळी येईपर्यंत आघाडी गेलेली. ११९-११४. मायामी ३-१.

यानिस नव्हता त्या दुसऱ्या मॅचला मिलवॉकीनं २५ थ्री मारून प्लेऑफच्या विक्रमाशी बरोबरी केली होती आणि १३८-१२२ नं जिंकली होती. म्हणून गेल्या आठवड्यात मी निर्धास्त होतो. एका रात्रीचे २५ थ्री पुढच्या रात्री सोबत येत नाहीत, हे मायामीबद्दल मी ठळक अक्षरात लिहिलं आणि मिलवॉकीबद्दल सोयीनं विसरलो.

२७ एप्रिल, गुरुवार

एकाच सकाळी दोन्ही फासे उलटे. साडेचारच्या मॅचमध्ये न्यू यॉर्कनं क्लीव्हलंडला १०६-९५ असं हरवून ४-१ केलं. रॉबिन्सननं रिंगखाली त्यांना अक्षरशः उभं राहू दिलं नाही. चुकलेला प्रत्येक चेंडू पुन्हा न्यू यॉर्कच्या हातात. याची भीती कारणात लिहिली होती, पण ७० चे ६२ केले आणि तिथेच थांबलो.

मग सात वाजता मिलवॉकी. चौथा क्वार्टर सुरू होताना १६ गुणांनी पुढे. संपायला दोन सेकंद असताना मायामी दोननं मागे. व्हिन्सेंटनं बाजूनं उंच फेकलेला चेंडू बटलरनं हवेतच धरून पडता पडता आत टाकला. बरोबरी. ओव्हरटाइममध्ये १२८-१२६. शेवटच्या क्षणी मिलवॉकीकडे टाइमआउट शिल्लक होते, कुणी घेतला नाही. चेंडू हातात ठेवून वेळ संपला. यानिस ३८ गुण, २० रिबाउंड, आणि फाउलबद्दल मिळणारे फ्री थ्रो २३ पैकी १०.

आमच्या ग्राउंडवर सर फ्री थ्रो चुकवणाऱ्याला फेऱ्या मारायला लावायचे. २३ पैकी १० ला दिवस मावळला असता.

आता शांतपणे. १९८४ पासून प्लेऑफमध्ये १६ संघ येतात, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत ३९ हंगाम, पहिला विरुद्ध आठवा अशा ७८ सिरीज. त्यात आठवा जिंकला पाच वेळा: १९९४ डेन्व्हर, १९९९ न्यू यॉर्क, २००७ गोल्डन स्टेट, २०११ मेम्फिस, २०१२ फिलाडेल्फिया. साडेसहा टक्क्यांच्या आतबाहेर. मी मायामीला १२ दिले होते. इतिहासाच्या दुप्पट. या हिशेबानं ८८ हा वेडा आकडा नव्हता.

तरी मनाला पटत नाही. तक्त्यानं ७७ दिले होते. हातचे अकरा मी घेतले आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला.

२९ एप्रिल, शनिवार

दुसरी फेरी. डेन्व्हर वि. फिनिक्स: तक्ता ६१, माझे ५८. कारण: ड्युरँट आणि बुकर. बॉस्टन वि. फिलाडेल्फिया: ६८, माझेही ६८, फिलाडेल्फियाच्या एम्बीडचा गुडघा बरा झाला की नाही कळत नाही म्हणून हात लावला नाही. न्यू यॉर्क वि. मायामी: तक्ता न्यू यॉर्क ७३, माझे ५५. न्यू यॉर्कच्या रँडलचा घोटा दुखावलेला आणि मायामीला आता घाबरून असावं. तरीही न्यू यॉर्कच, कारण मायामीची नेमबाजी टिकणार नाही.

१ मे, सोमवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून रात्री एकची मॅच बघितली. सॅक्रमेंटो २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये आलं होतं, सातवी मॅच घरी. आणि गोल्डन स्टेटचा स्टेफ करी ५०. सातव्या मॅचमध्ये ५० गुण आजवर कुणी केले नव्हते. १२०-१००.

लेकर्स वि. गोल्डन स्टेट: तक्ता गोल्डन स्टेट ६१, माझे ५६.

पहिल्या फेरीचा हिशेब: आठपैकी सहा बरोबर. चहाच्या टपरीवर सांगायला छान. ब्रायर ०.२०७, म्हणजे डोळे मिटणाऱ्याच्या जेमतेम पुढे. एकट्या मिलवॉकीनं निम्म्याच्या आसपास दंड केलाय. ती ओळ झाकली तर उरलेल्या सातांचा ०.१२६ येतो. झाकून बघितली, मग परत उघडली.

८ मे, सोमवार

योकिच ५३ आणि डेन्व्हर हरलं, १२९-१२४. ड्युरँट ३६, बुकर ३६. सिरीज २-२. भाचा: “५३ करून हरतात?” हरतात. बास्केटबॉलमध्ये एकानं खूप करणं आणि पाचांनी पुरेसं करणं यात दुसरं बहुधा जिंकतं.

आईनं विचारलं, तुमची ती उंच माणसं अजून खेळतायत का, संपणार कधी. जूनमध्ये म्हटलं. “परीक्षा बऱ्या याच्यापेक्षा.”

१३ मे, शनिवार

काल डेन्व्हरनं फिनिक्सला त्यांच्याच घरी १२५-१०० धुतलं, ४-२. आज दोन निकाल, दोन्ही माझ्या विरुद्ध. लेकर्स १२२-१०१, ४-२. मायामी ९६-९२, ४-२. न्यू यॉर्कच्या ब्रन्सननं एकट्यानं ४१ केले, बाकीच्यांनी हात वर.

एक गोष्ट ठळक करून ठेवतो. न्यू यॉर्कविरुद्ध मायामीचे थ्री फारसे पडत नव्हते. माझं कारण होतं ‘नेमबाजी टिकणार नाही’. ती टिकली नाहीच, आणि ते तरीही जिंकले. डिफेन्सवर, चेंडू न गमावता, बटलरच्या फ्री थ्रोवर. कारण खरं ठरलं आणि अंदाज चुकला, हा प्रकार पहिल्यांदाच समोर आलाय. यासाठी रकाना नव्हता. सहावा काढला: ‘कारण खरं ठरलं का’.

भाच्याचे १०० टक्के सलग दोनदा बरोबर. त्याचा ब्रायर शून्य. तोंडावर तसं दिसतंय.

१५ मे, सोमवार

करीचा विक्रम दोन आठवडे टिकला. टेटम ५१, बॉस्टन ११२-८८, फिलाडेल्फिया सातव्या मॅचमध्ये गारद. झोप झालेली नाही, जास्त लिहीत नाही.

१६ मे, मंगळवार

डेन्व्हर वि. लेकर्स: तक्ता ७१, माझे ६६. कारण: लेब्रॉन.

बॉस्टन वि. मायामी. तक्ता बॉस्टनला ९० देतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रीडावाहिनीचं गणित तर ९७ वर आहे, मायामीसाठी तीन टक्के. माझा तक्ता आणि त्यांचा तक्ता एकाच जातीचे, हंगामभराचे आकडे खाऊन मोठे झालेले. दोघांनाही ठाऊक नाही की हा मायामी संघ एप्रिलपासून कसा खेळतोय, आणि बॉस्टन पुढे असताना कसं ढिलं पडतं. ७४ लिहिले, हातचे उणे १६.

कारणाच्या रकान्यात बोटं सवयीनं ‘नेमबाजी’ लिहायला गेली. थांबलो. लिहिलं: ‘मायामीचा कोच स्पोल्स्ट्रा दोन मॅचमध्ये समोरच्याचं दुखरं ठिकाण शोधतो. बॉस्टनचं दुखरं ठिकाण म्हणजे थ्री पडत नसतानाही थ्रीच मारत राहणं.’

तरी बॉस्टन. इतका काही मी शूर नाही.

२२ मे, सोमवार

मायामी १२३-११६, १११-१०५, आणि आज १२८-१०२. पहिल्या दोन बॉस्टनच्या घरात. ३-०.

उत्सुकता म्हणून तक्त्याला विचारलं, बॉस्टन इथून चार सलग जिंकेल का. म्हणाला २५ टक्के. एनबीएच्या इतिहासात जवळपास दीडशे संघ ०-३ वर गेले आणि त्यातला एकही परतला नाही. तक्ता चुकतो कुठे तेही दिसतं: तो अजूनही बॉस्टनला +६.५ आणि मायामीला -०.३ धरून बसलाय, डोळ्यांसमोरच्या तीन मॅच त्याला दिसतच नाहीत. वेगळ्या पानावर, मुख्य हिशेबात न धरता, लिहिलं: बॉस्टन ६ टक्के.

२३ मे, मंगळवार

डेन्व्हर ११३-१११, ४-०. लेकर्सचा लेब्रॉन ४०, त्यातले ३१ पहिल्या अर्ध्यातच. चारही मॅच शेवटपर्यंत लटकलेल्या आणि चारही डेन्व्हरच्या. भाच्यानं १०० टक्क्यांचा दंड पूर्ण १.० स्वतःच्या हातानं लिहिला. बोलला नाही. संध्याकाळी त्याला भेळ खायला घेऊन गेलो.

२८ मे, रविवार

सकाळी साडेआठच्या सुमाराला सोसायटीत कुणीतरी ओरडलं असं वाटलं. तो मीच होतो.

बॉस्टननं दोन परत मिळवल्या होत्या. आज सहावी, मायामीत. तीन सेकंद उरलेले. बॉस्टनच्या हॉरफर्डनं बटलरला थ्री मारताना फाउल केला, बटलरनं तिन्ही फ्री थ्रो टाकले, मायामी १०३-१०२. बॉस्टनच्या डेरिक व्हाइटनं बाजूनं चेंडू स्मार्टला दिला आणि सगळे स्मार्टकडे बघत असताना स्वतः रिंगकडे पळाला. स्मार्टचा थ्री आत जाऊन बाहेर आला, व्हाइटनं तो ढकलला. घड्याळात ०.१. १०४-१०३. ३-३.

०-३ वरून सातव्या मॅचपर्यंत पोचलेला हा चौथा संघ. माझे ६ टक्के जिवंत आहेत आणि मला घाम फुटलाय. आता एकच मॅच, बॉस्टनच्या घरी. तक्ता ७८. माझे ६६.

३० मे, मंगळवार

ज्यांनी काल रात्रीपासून आज सकाळपर्यंतचं सगळं बघितलं, त्यांची एक संघटना काढायला हवी. अहमदाबादची आयपीएल फायनल रविवारची पावसानं सोमवारवर गेली, सोमवारची पावसानं मध्यरात्रीपलीकडे गेली. दीड वाजून गेल्यावर शेवटच्या दोन चेंडूंत दहा हवे असताना जडेजानं षटकार आणि चौकार मारले. चार तास झोप. सहाला बॉस्टन.

पहिल्याच खेळीत टेटमचा घोटा मुरगळला. तो खेळत राहिला, पण ज्यानं १५ दिवसांपूर्वी ५१ केले होते तो हा नव्हता. आणि बॉस्टननं थ्री मारले ४२, पडले ९. मायामी १०३-८४. केलेब मार्टिन २६. या मार्टिनला सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस बटलरपेक्षा एका मतानं कमी पडलं, ५-४. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणी निवडलंसुद्धा नव्हतं.

४२ पैकी ९ वाचताना १६ मेची ओळ पुन्हा वाचली. सहाव्या रकान्यात ‘कारण खरं ठरलं: हो’. पाचव्यात ‘अंदाज: चूक’. कारण बरोबर सापडलं होतं आणि आकड्यात त्याला पुरती जागा दिली नाही.

१ जून, गुरुवार

डेन्व्हर वि. मायामी. तक्ता ७६, माझे ७८.

या वेळी कारणं लांब लिहिली. डेन्व्हर घरी ३४-७ होतं, प्लेऑफमध्ये घरी ८-०. शहर समुद्रसपाटीपासून एक मैल वर, ५२८० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या थोडंसं खाली बास्केटबॉल खेळायचं, तेही सात मॅच लढून आलेल्या संघानं. डेन्व्हरला नऊ दिवसांची विश्रांती. योकिच-मरे दोघांचा खेळ: योकिच अडसर लावतो, मरे त्याच्या खांद्याला घासून निघतो, आणि बचाव करणाऱ्यानं काय निवडावं याला बरोबर उत्तरच नाही. मायामीकडे योकिचसमोर उभा राहील असा फक्त अडेबायो.

आणि हो, नेमबाजी. लिहू की नको. लिहिलं, चौथ्या क्रमांकावर.

५ जून, सोमवार

पहिली डेन्व्हर १०४-९३. आज मायामी १११-१०८, डेन्व्हरच्या घरी. थ्री ३५ पैकी १७. चौथा क्वार्टर ३६-२५.

योकिचचे ४१ गुण, असिस्ट (बास्केट घडवणारे पास) फक्त ४. दिवसभर सगळीकडे तेच: त्याला गुण करू द्या, पास करू देऊ नका, हे मायामीला सापडलं. मला शंका आहे. ३५ पैकी १७ पडले तर कुठलीही युक्ती हुशार दिसते.

८ जून, गुरुवार

डेन्व्हर १०९-९४. योकिच ३२ गुण, २१ रिबाउंड, १० असिस्ट. मरे ३४, १०, १०. एकाच संघातल्या दोघांनी एकाच मॅचमध्ये तिशीपार ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी) करणं हे याआधी कधी झालं नव्हतं. सोमवारची युक्ती कुठे गेली कुणी विचारलं नाही.

आजच मान्सून केरळात पोचला. हवामान खात्यानं ४ जून सांगितला होता, चार दिवस मागेपुढे. आठ म्हणजे बरोबर काठावर. शेजारच्या काकांनी लगेच ‘यांचं कधी खरं ठरलंय’ सुरू केलं. त्यांना म्हटलं, काका, त्यांनी चूक किती होऊ शकते तेही सांगितलं होतं, आणि त्यातच आला की. काका म्हणाले, “मग सांगायचं कशाला?”

मला उत्तर सुचलं नाही. पण ‘सहा मॅच’, ‘सात मॅच’ असे सिरीजच्या लांबीचे अंदाज मी पहिल्या फेरीनंतर का सोडून दिले, ते आठवलं.

१३ जून, मंगळवार

संपलं. डेन्व्हर ९४-८९, ४-१. एनबीएतला ४७ वा हंगाम आणि पहिलं विजेतेपद. मॅच कुरूप होती. डेन्व्हरचे थ्री २८ पैकी ५, फ्री थ्रो २३ पैकी १३, आणि तरी जिंकले, रिंगजवळ, रिबाउंडवर. मायामीचे थ्रीही पडेनात. ‘नेमबाजी टिकणार नाही’ या अर्थाचं वाक्य मी १७ एप्रिलला लिहिलं होतं. पुरतं खरं व्हायला आठ आठवडे लागले.

योकिच या प्लेऑफमध्ये एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट, तिन्हींत पहिला. असं आजवर कुणीच केलं नव्हतं. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडलेला माणूस. भाच्यानं भिंतीवरचं लेकर्सचं पोस्टर काढलेलं नाही, पण शेजारी जागा केलीय.

१८ जून, रविवार

पूर्ण हिशेब.

मी: १५ पैकी १० बरोबर, ब्रायर ०.२१८. डोळे मिटणारा: ०.२५०. तक्ता, माझ्या हातच्याशिवाय: ०.२९०. म्हणजे जो तक्ता बांधायला दोन रात्री घालवल्या तो नाणं उडवण्यापेक्षाही मागे पडला. आणखी एक तुलना करून बघितली: प्रत्येक सिरीजमध्ये वरच्या मानांकनाच्या संघाला ६५ टक्के देणारा आळशी माणूस. त्याचे १५ पैकी ८ बरोबर, ०.२६३. हंगामच असा होता, वरचे खाली पडत राहिले.

माझ्या एकूण दंडातला निम्मा मायामीच्या तीन विजयांचा.

हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हातच्याच्या रकान्यात निघालं. १५ पैकी एका ठिकाणी मी तक्त्याला हात लावला नव्हता. उरलेल्या १४ पैकी ११ ठिकाणी हातच्यानं फायदा झाला, तीन ठिकाणी तोटा. आधी वाटलं, वा, डोळा चांगला आहे. मग ती तीन ठिकाणं कुठली ते बघितलं, आणि त्यांची कारणं.

मिलवॉकी, हातचे अधिक ११: ‘यानिस’.
डेन्व्हर-फिनिक्स, उणे ३: ‘ड्युरँट आणि बुकर’.
डेन्व्हर-लेकर्स, उणे ५: ‘लेब्रॉन’.

तिन्ही ठिकाणी नुसतं नाव. फायद्याच्या अकरांपैकी ज्यांना कारण लिहिलंय तिथे बहुतेक वेळा दुखापत आहे, फेब्रुवारीतली अदलाबदल आहे, कोण कुणाला अडवणार ते आहे. लेकर्सवर मेम्फिसविरुद्ध पैसे लावले तेव्हा लेब्रॉनचं नावही लिहिलं नव्हतं, मेम्फिसच्या दोन उंच माणसांचे पाय लिहिले होते.

पंधरा ही काही मोठी संख्या नाही, आणि उणे ३, उणे ५ हे तोटे चिल्लर आहेत. भाच्याला दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मामा, फायनलला तू योकिच लिहिलं होतंस ना? तेही नावच.” लिहिलं होतं. पण योकिच मरेसाठी अडसर लावतो आणि मग काय होतं, हेही लिहिलं होतं. भाच्याला हा फरक पटला नाही. मलाही तो अर्धाच पटलाय, म्हणून वाद वहीत नोंदवून ठेवतो.

ऑक्टोबरसाठी कामं: तक्त्यात हंगामभराऐवजी फेब्रुवारीतल्या अदलाबदलीनंतरचे आकडे वेगळे भरायचे. रकान्यांचा क्रम बदलायचा, कारण आधी आणि टक्के नंतर. कारणात एकटं नाव आलं तर हातचा शून्य. मायामीसाठी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

भाच्याची शाळा सुरू झाली. जाताना वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून गेलाय: २०२४, लेकर्स, ९९ टक्के.